सेझिंकोट: इंग्लंडमध्ये भेटलेले घारापुरीचे खांब

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून रेल्वेने दीडेक तासात मोर्टन-इन-मार्शला उतरलो. सेझिंकोट या हिंदुस्थानी धाटणीच्या घराचं फाटक तिथून साधारण अडीच किलोमीटरवर आहे, पण रस्त्यावर गाड्या सुसाट असतात, तेव्हा टॅक्सी आधीच सांगून ठेवा. फाटकातून आत झाडीतून बराच लांब रस्ता जातो आणि कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या उतारावर एकदम तांब्याचा हिरवा घुमट समोर येतो.

चार्ल्स कॉकरेल कंपनी सरकारच्या नोकरीत बंगालमध्ये होता. परतल्यावर १८०५च्या सुमारास त्याने भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल या वास्तुविशारदाकडून हे घर बांधून घेतलं. कोपऱ्यांवर छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमट), रुंद छज्जे, खिडक्यांवर पिसारा फुलवल्यासारख्या कमानी. आत मात्र ग्रीक वळणाच्या, चोख इंग्रजी खोल्या! हिंदुस्थान सगळा बाहेरच्या भिंतींवरच थांबलाय, हे मला मनापासून खटकलं.

मन भरलं ते बागेत. बागेच्या कामात चित्रकार थॉमस डॅनियलचा हात होता. तो १७९३मध्ये मुंबईला आला होता, घारापुरी त्याने पाहिली होती. पुण्यात पेशव्यांच्या दरबारात चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सने वेरूळची जी रेखाटनं केली, ती वेल्सच्या मृत्यूनंतर १८०३मध्ये डॅनियलनेच छापून प्रसिद्ध केली. इथल्या ओढ्यावरचा पूल त्याचाच. वरून जाताना कठड्यावरचे नंदी दिसतात आणि लोक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका, पुलाखाली उतरा. पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत आत गेलं की अंधूक गारव्यात जाडजूड खांब उभे आहेत, थेट लेण्यातल्यासारखे. शेजारी बसायला दगडी बाक आहे. मी तिथे अर्धा तास बसून होतो. लहानपणी लाँचने घारापुरीला गेलो होतो, तो ओल्या दगडाचा वास आठवत. वरच्या अंगाला सूर्याचं छोटं देऊळ, खाली तीन फण्यांचा नाग.

१८०७मध्ये राजपुत्र जॉर्ज इथे येऊन गेला. ब्रायटनच्या त्याच्या प्रसिद्ध राजवाड्याच्या घुमटांची ओढ त्याला इथूनच लागली, असं म्हणतात.

घर आजही खासगी मालकीचं आहे. बाग आठवड्यात मोजक्याच दिवशी दुपारी उघडते, घर त्याहून कमी, तेही वाटाड्याबरोबर. वेळा संकेतस्थळावर बघूनच तिकीट काढा. पाऊस पडून गेला असेल तर चांगल्या पकडीचे बूट घाला, पुलाखालचे दगड निसरडे होतात. आणि चहा वक्र काचगृहात घ्या, बाहेरचा घुमट तिथून निवांत बघता येतो.