एका 'ए'नं खाल्लेले अडीच महिने

इंग्रजीच्या क्लासला भरलेल्या तीन हजारांचं आता फारसं काही वाटत नाही. राग आहे तो अडीच महिन्यांचा.

मी सांगलीत ब्लाऊज शिवते, वीस वर्षं झाली. शाळा तासगावकडच्या गावात, सातवीपर्यंत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. आमच्या वेळी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे माझ्या वाट्याला तीन वर्षं, त्यातलं एक बाईंच्या बाळंतपणाच्या रजेत गेलं. एबीसीडी येत होती, त्यावर भागत होतं. गिऱ्हाईक समोर बसून गळा कसला, बाही केवढी ते तोंडानं सांगायचं. आता सगळ्या जणी रात्री दहाला व्हॉट्सॲपवर टाकतात, तेही इंग्रजीत.

एक ताई मोरपंखी सिल्कचा पीस देऊन गेल्या आणि रात्री मेसेज आला. पहिला शब्द 'स्लीव्ह'. तो मी नेहमी बघून बघून चित्रासारखा ओळखत होते. पुढचा शब्द होता एल-ए-सी-ई. मी वाचला 'लाके'. लाके नावाचं तर काही नसतं, मग डोकं चालवून म्हटलं, हे 'लेस' असणार. आणि ते बरोबरच होतं की! फक्त लेस दुसरी निघाली. त्यांना बाहीला लेस हवी होती, मी 'स्लीव्हलेस' समजून बिनबाहीचा शिवून ठेवला. न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "काकू, लेस राहू दे, बाही कुठाय?" उरलेल्या चिंध्यांतून बाही निघेना. कापडपेठेत तीन दुकानं फिरून मिळतं कापड आणलं, शिलाई घेतली नाही, वर लेसही माझीच.

त्याच आठवड्यात क्लासला नाव घातलं.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर बारा काळ लिहिले. भूतकाळ, चालू भूतकाळ, पूर्ण भूतकाळ. मला 'लेस' वाचता येत नाही आणि हे मला पूर्ण भविष्यकाळ शिकवतायत. दुसऱ्या दिवसापासून रोज वीस शब्द पाठ: याक, इग्लू, झायलोफोन. सांगलीत जन्म काढलेल्या बाईला याक कुठं भेटणार होता? तरी घोकले. मशीनवर पाय आणि तोंडात याक, असं चालू होतं.

खरी गाडी रुतली ती मात्र 'ए' या अक्षरावर. माझा सवाल साधा होता. 'बॅग'मध्ये हा 'ॲ' म्हणतो, 'टेबल'मध्ये 'ए', 'कार'मध्ये 'आ', 'कॉल'मध्ये 'ऑ'. एक अक्षर, चार तोंडं. आपल्याकडं क ला काना दिला की का, त्यात बदल नाही. मग इथं नवा शब्द समोर आला की कुठलं तोंड धरायचं? सर म्हणाले, "इंग्लिश असंच असतं. पाठ करा." मी आठवडाभरानं परत विचारलं. परत "पाठ करा." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागच्या बाकावरची कॉलेजची पोरं हसली. मग विचारणं सोडलं. पण पाठही होईना, कारण मला वाटायचं, याच्यात काहीतरी आहे आणि हा माणूस मला सांगत नाहीये. पाठ केलेला शब्द तेवढाच यायचा, शेजारचा यायचा नाही. जून, जुलै, निम्मा ऑगस्ट. छत्री घेऊन जायचं आणि तीच घेऊन परत यायचं.

श्रावणात बहिणीकडं कराडला गेले, रेल्वेनं. प्रत्येक स्टेशनवर पिवळी पाटी, त्यावर नाव देवनागरीत आणि इंग्रजीतही. म्हणजे उत्तरासकट प्रश्न! सांगली: एस-ए-एन-जी-एल-आय, इथं 'ए' म्हणजे आ. कराडला उतरले तर के-ए-आर-ए-डी. पहिला 'ए' अ, दुसरा आ. एकाच गावात दोन. मी बहिणीच्या दारात पाय धुवायच्या आधी भांडायलाच बसले, हे पाचवं तोंड कुठून आलं म्हणून.

तिची नववीतली पोरगी म्हणाली, "मावशी, गावांची नावं आपली, ती सोड. तुझी टेप दे." टेपवर तिनं खडूनं लिहिलं: टी-ए-पी. टॅप, म्हणजे नळ. मग शेवटी ई लावला. टेप! "हा शेवटचा ई स्वतः गप्प बसतो आणि मागच्या 'ए'ला नाव घ्यायला लावतो." लग्नातल्या करवलीसारखा. झालं, मला कळलं. लेस, गेट, रेट, डेट, सेल, नेम, सगळे एका माळेत. पुढं ई नसेल तर बॅग, बॅक, पॅड, कॅप. मागून दोन एल आले की ऑ: कॉल, हॉल, बॉल, आणि आपला साडीचा फॉलसुद्धा. पुढं आर आला की आ: कार, मार्केट, चार्ज. आणि सी च्या पुढं ई आला की त्याचा स होतो, म्हणून लाके नाही, लेस. 'हॅव' सारखे काही ऐकत नाहीत, पण दहातले सात-आठ शब्द ऐकायला लागले. एवढं सांगायला पोरीला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागला. अडीच महिने, सर!

त्यानंतरचं भराभर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कोणी शिकणार असेल तर एवढंच: याक-इग्लू सोडा, आपल्या तोंडात आधीच बसलेले शब्द कागदावर शोधा. मी वहीत लिहायला घेतलं तर हुक, बटण, कॉलर, शोल्डर, पिको, लायनिंग, प्रिन्सेस कट असे माझ्याच धंद्यातले साठाच्या वर निघाले. शब्द येतच होते, फक्त त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. नॉट मात्र एन खाली शोधू नका, दोरीची नॉट के पासून लिहितात आणि के बोलत नाही. आणि सगळेच शब्द तिकडं तसेच चालतात असं धरू नका. आपण लाईट गेली म्हणतो, ते वीज गेली म्हणतील. आपलं झेरॉक्स हे मुळात कंपनीचं नाव.

शेजारी देवनागरीत लिहून ठेवायची सवय लागली होती, ती पुढं नडली. कंबर, कचरा, पश्चिम आणि बनियन, या चौघांना मी वहीत एकच लिहून ठेवलं होतं: वेस्ट. कंबरेच्या मापात एकदा कचरा लिहून पाठवला. तेव्हापासून देवनागरीवर पट्टी ठेवून वाचते.

हां, आकडे राहिले. आपण छत्तीसमध्ये सहा आधी म्हणतो, ते तीस आधी म्हणतात, त्यामुळं फोनवर नंबर घेताना माझी उलटापालट व्हायची. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले होते. आता हसत नाही. थर्टीन की थर्टी, हे तर अजून दोनदा विचारते. बाही तेरा इंच की तीस, हा विनोद मला परवडत नाही. लग्नपत्रिकेवरचं वळणदार इंग्रजी अजून येत नाही, ते भाचीला फोटो काढून पाठवते.

मागच्या आठवड्यात क्लासचा मेसेज आला. 'न्यू बॅच स्टार्ट्स मंडे.' एका ओळीत तीन 'ए', तिघांची तीन तोंडं. मी काजं करता करता सरळ वाचला, आणि फोन पालथा ठेवला.