उणे सतरा

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पंपिंग किती आहे?" त्या दिवशी बाईंचं पंपिंग, म्हणजे ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा), ६० टक्के होतं. छानच. रिपोर्ट टाइप करून पुढचं नाव पुकारायचं, एवढंच उरलं होतं. पण मशीनमधल्या एआयने स्ट्रेनचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या आखडण्याचा, आकडा ठळक करून ठेवला होता: उणे १४.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं आणि केमो चालू. औषध डॉक्सोरुबिसिन. नळीतून ते सरबतासारखं लाल उतरतं, म्हणून आमच्याकडचे पेशंट त्याला 'लाल औषध'च म्हणतात. कॅन्सरवर चांगलं, पण काहींच्या हृदयाच्या स्नायूला बाधतं, कधीकधी तर वर्षांनंतर. म्हणून केमोच्या आधी एक इको आणि मग मधूनमधून.

ईएफ घसरेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. स्ट्रेन त्याच्या आधी कमी होतो, म्हणून पुढे हृदय थकेल का याचा अंदाज त्यावरून बांधतात. इकोच्या करड्या चित्रात स्नायूवर बारीक ठिपके असतात. सॉफ्टवेअर फ्रेममागून फ्रेम त्या ठिपक्यांच्या मागे जातं आणि स्नायू लांबीत किती टक्के आखडला ते सांगतं. आखडतो, म्हणून उणे. पूर्वी स्नायूची कड मी टिंब टिंब देत हाताने आखायची. आता मशीनच आखतं, तेही माझा चहाचा घोट संपायच्या आत.

केमोआधीचा आकडा होता उणे २१. सुदैवाने तो इकोही याच मशीनवरचा, नाहीतर दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नसतो. मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घट झाली तर डॉक्टर ती गंभीरपणे घेतात. इथे तर तिसरा हिस्सा गेलेला. माझ्या पोटात गोळाच आला.

क्लिप पुन्हा लावली तेव्हा चूक दिसली. चूक माझी. टाके दुखतील म्हणून मी प्रोब हलकाच टेकवला होता, बाईंना पुरतं कुशीवरही वळवलं नव्हतं. बाहेरच्या भिंतीवर फुप्फुसाची सावली आली होती आणि मशीनने आखलेली रेघ स्नायू सोडून आवरणावर सरकली होती. मशीनने मुकाट्याने तेच मोजलं. चित्र खराब आहे म्हणून कुरकुर करायची त्याला सवय नाही.

"बाई, पुन्हा एकदा घेऊ या."

पाठीमागे उशी लावली. डावा हात डोक्याकडे न्यायचा होता, तो खांद्याच्या वर जाईना. मीच कोपराखाली हात धरला. "श्वास सोडा... आता थांबा." जेल गार होतं, बाई शहारल्या. तीन ठोके स्वच्छ मिळाले.

उणे १७. पुन्हा घेतला, तरी १७.

म्हणजे १४ खोटा होता, पण घट खरी होती. २१ वरून १७, जवळपास १९ टक्के. सर आले, नुसतं चित्र पाहून म्हणाले, "मला तर नॉर्मल वाटतंय." मी जुनी क्लिप शेजारी लावली. सर खुर्ची ओढून बसले, आणि ते इकोच्या खोलीत सहसा बसत नाहीत. दोन्ही क्लिप चार-पाच वेळा पाहिल्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला. केमो थांबवली नाही. हृदयाला आधार देणाऱ्या गोळ्या सुरू केल्या आणि पुढचा इको लवकर ठेवला.

पुढच्या वेळी बाई आल्या तेव्हा हात थोडा जास्त वर जात होता. आकडा आला, मी हसून सांगितला, "उणे एकोणीस!"

बाईंचा चेहरा उतरला. "मॅडम, उणे एकोणीस उणे सतरापेक्षा लहान असतं ना? मग बिघडलं की!"