बाटलीवरचे तीस टक्के

माझ्या वरच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यापाशी बोटाच्या पेराएवढा एक तपकिरी डाग आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो पडला, माझ्याच हाताने, चेहऱ्याला लावायच्या ॲसिडच्या बाटलीने. आता इतका फिकट झालाय की सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही. मला मात्र रोज दिसतो.

नाशिकजवळच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं काम करते आहे. हंगामात सकाळी द्राक्षाचा रस आला की ब्रिक्स म्हणजे रसातली साखर, पीएच म्हणजे आम्लाचा जोर (आकडा जितका कमी तितका जोर जास्त), एकूण आम्लता, मग वाइन टिकावी म्हणून टाक्यांमध्ये घातलेल्या सल्फरचा हिशोब. आम्ल मोजणं हेच माझं काम, म्हणून ही चूक मला जास्त लागली. द्राक्षात असतं ते टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिकचं जिवाणू लॅक्टिक करून देतात. ही तिन्ही अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडं आहेत. उसातलं ग्लायकोलिक, लिंबातलं सायट्रिक आणि कडू बदामापासून पहिल्यांदा मिळालेलं मँडेलिक हीसुद्धा त्याच कुटुंबातली. म्हणजे बाटलीत जे होतं, त्याची माझी रोजची उठबस होती.

बाटली मागवली त्याला कारण होतं. कपाळावर बारीक बारीक गाठी, हात फिरवला की रव्यासारख्या लागायच्या. हनुवटीवर जुन्या मुरुमांचे काळे ठिपके. घर मखमलाबादला, कामाची जागा गंगापूर धरणाच्या बाजूला. रोजचा ॲक्टिव्हाचा प्रवास, तोंडाला स्कार्फ, आत घाम. मुरुमांसाठी मेडिकलमधून आणलेलं अ‍ॅडापलीन जेल रात्री लावत होतेच. त्यात नणंदेने सांगितलं, ‘वहिनी, ते लाल पीलिंगवालं घे, दहा मिनिटांत चेहरा काचेसारखा होतो.’ बाटलीवर ३० टक्के अल्फा हायड्रॉक्सी आणि २ टक्के सॅलिसिलिक असं लिहिलेलं. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, हेही लिहिलेलं.

पहिल्या दोन वेळा खरोखर छान वाटलं. थोडी चुणचुण, धुतल्यावर गाल गुळगुळीत, कपाळाच्या गाठी दोन आठवड्यांत निम्म्या. हे मुद्दाम सांगते, कारण ही ॲसिडं खोटी नाहीत. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. आम्लाने ती पकड सैल होते आणि त्या आपोआप सुटतात. घासावं लागत नाही. १९७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी यावरचा शोधनिबंध छापला, तो इक्थिओसिसच्या रुग्णांबद्दल होता. या आजारात कातडी माशाच्या खवल्यांसारखी होते. ज्यांच्या अंगावर खवले साचतात अशा माणसांसाठी शोधलेलं औषध आज आपण चमक यावी म्हणून लावतो. त्यात वाईट काही नाही, पण ते औषध आहे हे विसरायला होतं.

तिसऱ्या वेळी मी तीन गोष्टी एकदम केल्या. आदल्या दिवशी पार्लरमध्ये अप्पर लिपचं थ्रेडिंग करून आले होते. त्याच आठवड्यात अ‍ॅडापलीनही चालू होतं, तेही त्वचा हळवी करतं. आणि लावून बसल्यावर मामींचा फोन आला. घड्याळ पाहिलं तेव्हा पंधरा मिनिटं होऊन गेली होती. ओठांवर आग व्हायला लागली ती चुणचुण नव्हती. भाजल्यावर होते तशी, आतून. मी धावत बेसिनकडे गेले, आणि लॅबची सवय नडली. आम्ल सांडलं की आम्ही सोडा टाकतो. क्लिनिकमध्ये ग्लायकोलिक पील थांबवायला सोड्याचं पाणी वापरतात हेही कुठेतरी वाचलेलं. मी स्वयंपाकघरातला खायचा सोडा कोरडाच चिमटीत घेऊन ओठांवर चोळला.

दुसऱ्या दिवशी तिथली कातडी चमकदार, ताणलेली, कागदासारखी. तिसऱ्या दिवशी पापुद्रा निघाला. आठव्या दिवशी तिथे तपकिरी पट्टा उमटला, गालाच्या हाडावरही दोन ठिपके. सासूबाई काही दिवस बोलल्या नाहीत, मग एका सकाळी चहा देताना म्हणाल्या, ‘अगं, दही-बेसन लावायचंस. आमच्या वेळी तेवढंच होतं.’ त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. नवऱ्याने अर्धा दिवस रजा काढून मला कॉलेज रोडला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बाईंनी आधी दिव्याखाली नीट पाहिलं, मग काय काय लावलं ते सगळं क्रमाने विचारलं. मी सांगत गेले तशा त्या लिहीत गेल्या. थ्रेडिंगपाशी पेन थांबलं. दोऱ्याने केसाबरोबर वरचा थरही थोडा निघतो, म्हणाल्या. उघड्या जागेवर ३० टक्के आम्ल गेलं. सोड्याचं ऐकून म्हणाल्या, ‘पाणी पुरेसं होतं. भरपूर, गार, बराच वेळ. तुम्ही त्या कोरड्या सोड्याने घासलं, ते जास्त झालं.’ आणि मग एक वाक्य बोलल्या ते मला पाठ आहे: ‘आपल्या कातडीला दुखावलं की ती लाल होऊन गप्प बसत नाही, काळी पडून महिनोन्महिने सांगत राहते.’

गोऱ्या त्वचेच्या माणसांचे फोटो बघून आपण बाटल्या मागवतो, त्यांचा लालपणा चार दिवसांत ओसरतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत जखमेनंतर रंगद्रव्य जास्त तयार होतं, आणि तो डाग मूळच्या मुरुमाच्या डागापेक्षा मोठा असू शकतो. माझा तसाच होता.

निघताना त्यांनी विचारलं, ‘तुम्ही वायनरीत आहात ना? मग या बाटलीचा पीएच पाहिलात का?’

नव्हता पाहिला.

दुसऱ्या दिवशी थोडा नमुना लॅबमध्ये नेला. मीटर ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, लावून घेतला. ३.६ आला. मग टायट्रेशनच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. वाइनमध्ये सल्फर डायऑक्साइड किती घातला याला एकट्याला अर्थ नसतो; त्यातला किती कामाला येणार हे पीएच ठरवतो. पीएच ३.२ ला जेवढा कामाचा भाग मिळतो, त्याच्या जेमतेम पाव भाग ३.८ ला मिळतो. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते. चेहऱ्याच्या आम्लाचंही अगदी हेच आहे. त्वचेत शिरतं ते मोकळं आम्ल, क्षाराच्या रूपात बांधलेलं फारसं शिरत नाही. ग्लायकोलिक ३.८३ पीएचला अर्धं मोकळं, अर्धं बांधलेलं असतं. पीएच त्याखाली गेला की मोकळा भाग वाढतो. सगळं ग्लायकोलिक धरलं तर माझ्या बाटलीतल्या तीसपैकी एकोणीसच्या आसपास टक्के मोकळे होते. अंदाजच तो, कारण बाटलीत चार-पाच आम्लं मिसळलेली. पण अंदाज पुरेसा होता. अमेरिकेतल्या प्रसाधन-घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने घरच्या वापरासाठी मर्यादा सांगितली आहे ती १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ किंवा त्याहून वर. ३० टक्क्यांपर्यंतचं त्यांनी शिकलेल्या हातांसाठी ठेवलं आहे, थोडा वेळ लावून पूर्ण धुऊन टाकण्यासाठी.

त्याच आठवड्यात घरातलं दहीही मोजलं, सासूबाईंसाठी. पीएच ४.४. दह्यात लॅक्टिक असतं साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी, आणि त्या पीएचला त्यातलं पाव भागसुद्धा मोकळं नसतं. म्हणून दह्याने कुणी भाजत नाही. लिंबाचं उलट आहे. रसात पाच-सहा टक्के सायट्रिक, पीएच २ च्या थोडा वर, म्हणजे जवळपास सगळं मोकळं. घरगुती म्हणून लिंबू चेहऱ्याला चोळणाऱ्यांना मी आता हात धरून थांबवते.

उपचार म्हणजे सहा आठवडे काहीच न करणं होतं. साधं फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. अ‍ॅडापलीन बंद, बाटली बंद. नाशिकची थंडी त्यात भर घालत होती. सकाळी गाल ताणून यायचे, मी दिवसातून तीनदा क्रीम लावायचे. काहीच न करणं मला फार जड गेलं. रोज आरशात तोच पट्टा.

जानेवारीत हंगाम सुरू झाला आणि नमुने घ्यायला बागेत जाणं आलं. ऊन्हाची गोष्ट तेव्हा नीट कळली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, करवून घेतलेल्या अभ्यासांत १० टक्के ग्लायकोलिक चार आठवडे लावल्यावर त्वचा अतिनील किरणांना जास्त हळवी झालेली दिसली, आणि लावणं थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. माझं ॲसिड तर कधीच थांबलं होतं, पण डाग ताजा होता आणि ऊन्हाने तो आणखी गडद होतो. डॉक्टरांनी रंग असलेलं सनस्क्रीन दिलं, आयर्न ऑक्साइडचं. नुसते अतिनील किरण नव्हेत, डोळ्यांना दिसणारा उजेडही सावळ्या त्वचेत डाग गडद करतो, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. दोन बोटांवर लांब ओळ काढायची, तेवढं चेहरा आणि गळ्याला. पहिल्या दिवशी ते इतकं जास्त वाटलं की अर्धं पुसणार होते.

पिंपळगावला माझ्या मामांची थॉम्पसन द्राक्षांची बाग आहे. हंगामात तिथे गेले की घडांना कागद गुंडाळलेले दिसतात. थंडी-ऊन्हाच्या फरकाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. लहानपणापासून पाहत आले. या हंगामात मामी कागद लावत होत्या, मी शेजारी उभी राहून चेहऱ्याला दुसऱ्यांदा सनस्क्रीन लावत होते. मामी हसून म्हणाल्या, ‘लाव बाई, तू पण घडच आहेस माझा.’ त्या फोनचं मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

जूनमध्ये, हंगाम संपून पाऊस सुरू झाल्यावर, डॉक्टरांनी पुन्हा परवानगी दिली. ५ टक्के लॅक्टिक, आठवड्यातून एकदा, रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांची घडी व्हॅसलिनने झाकून. त्याआधी सलग तीन रात्री कानामागे लावून पाहिलं. लॅक्टिक का, तर ग्लायकोलिकचा रेणू या सगळ्यांत लहान, म्हणून तो पटकन आत जातो. लॅक्टिक थोडा मोठा, मँडेलिक त्याहून मोठा आणि सावकाश. माझ्यासारख्या डाग पडणाऱ्या त्वचेला सावकाश जाणारं बरं. पहिल्या रात्री हात थरथरला हे खरं. काही झालं नाही. दोन महिन्यांनी मँडेलिकवर आले, आठवड्यातून दोनदा. कपाळाचा रवा गेला तो त्या बाटलीने नव्हे, या कंटाळवाण्या चार-पाच महिन्यांनी.

दंडांवर मला कोंबडीच्या कातडीसारखे दाणे आहेत, त्यासाठी १२ टक्के अमोनियम लॅक्टेटचं, म्हणजे लॅक्टिकच्या क्षाराचं, लोशन मिळालं. बारा वाचून मी दचकले होते. लॅबमध्ये मोजलं तर पीएच ५ च्या जवळपास, म्हणजे मोकळं लॅक्टिक एक टक्क्याहूनही कमी. तेव्हापासून नणंदेला आणि ऑफिसच्या मुलींना मी टक्का विचारतच नाही. पीएच किती, किती मिनिटं, गेल्या आठवड्यात वॅक्सिंग-थ्रेडिंग झालं का, सोबत आणखी काय लावतेस, हे विचारते. बहुतेक जणींच्या बाटलीवर पीएच छापलेला नसतो, मग त्या बाटली घेऊन लॅबमध्ये येतात. जेवणाच्या सुट्टीत मोजून देते.

परवा पार्लरला जाऊन आले. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्या खाली, पुढच्या सात दिवसांवर पेन्सिलने बारीक फुल्या मारल्या. सासूबाईंनी विचारलं, ‘दूध नको का आठवडाभर?’ मी म्हटलं, ‘दूध घ्यायचं, आई. ॲसिड नाही लावायचं.’ त्यांनी स्वतःचा चश्मा आणून फुल्या मोजल्या आणि सातव्या दिवसापुढे आणखी एक मारली.