जे-झीचा '४:४४' आणि मराठवाड्यातला पैसा

२०१७ साली आलेला अमेरिकन रॅपर जे-झीचा '४:४४' हा अल्बम दहा गाण्यांचा, निर्माता नो आय. डी.च्या संगीताचा. गायिका नीना सिमोनचा आवाज वापरलेलं 'द स्टोरी ऑफ ओ.जे.' मला त्यातलं सगळ्यात ताकदीचं वाटतं. वीस लाख डॉलरची ब्रुकलिनमधली इमारत घ्यायची राहिली, ती आज अडीच कोटी डॉलरची, ही हळहळ त्यात आहे. उधळण्यापेक्षा पत मोठी, हेही तो बजावतो.

पत जपण्याचा सल्ला आपल्याकडे तंतोतंत लागू पडतो. सावकाराचं शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. लाखाला छत्तीस हजार! तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर केंद्राच्या सवलतीनं ४ टक्क्यांत पडतं, म्हणजे लाखाला चार हजार. मुदत हुकली की ही सवलत जाते आणि थकबाकी सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, चढते. पाहुण्याला जामीन राहिलात तर त्याची थकबाकीसुद्धा तुमच्या नावावर दिसते, म्हणून सही जपून करा.

जागा घेऊन ठेवण्याचा सल्ला मात्र जसाच्या तसा घेऊ नका. लातूर-बीडकडे आधी सातबारा आणि फेरफार तपासा. वर्ग २ची, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली, जमीन परवानगीशिवाय घेतली की व्यवहार अडकतो. त्याच गाण्यातलं चित्रं घेऊन श्रीमंत होणं तर ज्याच्याकडे दहा लाख डॉलर अडकवून ठेवायची सोय आहे, त्याचंच काम.

अल्बममधल्या शेवटच्या 'लेगसी' गाण्यात जे-झीची लेक मृत्युपत्र म्हणजे काय, असं विचारते. आपल्याकडे ते साध्या कागदावरही चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. वाटा मिळणाऱ्याला साक्षीदार करू नका.