जिप्सीचं थरथरणारं स्टिअरिंग आणि ०.१ मिलिमीटरची शिम : माझा अनुभव

तीन वेळा केलेल्या अलाइनमेंटचे तीन छापील कागद माझ्याकडे अजून आहेत. तिन्हींवर सगळे आकडे हिरवे. आणि तिन्ही वेळा गाडी हायवेला काढली, पंचावन्नच्या आसपास पुलाच्या सांध्यावरून गेली, की स्टिअरिंग हातातून सुटायला बघायचं. वेग तीसपर्यंत उतरेपर्यंत पुढची दोन्ही चाकं थडथडत राहायची. ज्यांनी जिप्सी किंवा जुनी जीप चालवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

गाडी मारुती जिप्सी किंग, १.३ लिटर एमपीएफआय. ब्रेक, फ्लोअरचा सडलेला पत्रा, रेडिएटर, गिअरबॉक्सचं तेल ही कामं घरीच झाली आणि त्यांत अडलं काहीच नाही. आरसीचं नूतनीकरणही फॉर्म २५ भरून वेळेत झालं. सगळी अडचण पुढच्या अ‍ॅक्सलला होती.

आधी अलाइनमेंटबद्दल, कारण पैसे आणि दिवस तिथेच जातात. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे. कारसारखा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल) बोल्ट फिरवून बदलायची सोयच त्यात नाही. बदलतो तो फक्त टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते, आणि तोही दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडची लांबी बदलून. तो तर घरीही मोजता येतो: दोन्ही टायरच्या मधोमध खडूची रेघ मारायची, अ‍ॅक्सलच्या उंचीला पुढून आणि मागून टेपने अंतर घ्यायचं, पुढचं अंतर २ ते ६ मिमी कमी आलं की झालं. गाडी स्थिर उभी असताना मशीन कोन मोजतं. किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खुंट्यांवर डावी-उजवीकडे वळतं त्यांच्या, बेअरिंगमध्ये किती ढिलाई आहे हे त्या कागदावर येतच नाही. तरी प्रत्येक वेळी मला एकच उत्तर मिळालं: "अलाइनमेंट ओके आहे, डॅम्पर बदला."

डॅम्पर बदलला. दोन महिने बरं वाटलं, मग पुन्हा तेच. स्टिअरिंग डॅम्पर थरथर दाबून ठेवतो, तिचं कारण तिथंच राहतं. म्हणून माझं ठाम मत आहे की तपासणी डॅम्पर काढून करायची. डॅम्परशिवाय मोकळ्या रस्त्यावर, आधी कमी वेगात आणि मग हळूहळू वाढवत, गाडी सरळ गेली तरच दुरुस्ती झाली म्हणायचं. नंतर डॅम्पर परत लावा.

दोष कुठे आहे हे कळायला दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात. पुढचं चाक जॅकवर उचला, एक हात चाकाच्या वर, एक खाली, आणि हलवा. खेळ जाणवला की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला, तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही राहिला, तर किंगपिन. माझ्या गाडीत राहिला, दोन्ही बाजूंना. मग चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं झटकायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली टाय रॉड एंडवर बोट ठेवून बघायचं. रॉड आधी हलला आणि नकल (चाक धरणारा, किंगपिनवर वळणारा भाग) उशिराने हलली, तर तो एंड गेला. एंड बदलताना लक्षात ठेवा, टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात.

आता नकल उघडणं. मागच्या चाकांना ओट (अडण) लावा, व्हील नट जमिनीवरच सैल करा, मग पुढचा भाग उचलून चासीखाली घोड्या (स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर हे काम करू नका, कारण पुढे हातोडा चालवायचा आहे. डिफरन्शियलचं तेल आधीच काढून घ्या. पुढच्याला २ लिटर लागतं, ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. ते न काढता अ‍ॅक्सल ओढला तर तेवढं फरशीवर येतं. कॅलिपर सोडून तारेने पाट्याला (लीफ स्प्रिंगला) टांगा, होसपाइपवर लोंबकळू देऊ नका. हबचा नट मापाच्या सॉकेटनेच खोला. छिन्नी-हातोड्याने खोललेले नट मी पाहिले आहेत, पुढच्या वेळी ते कशानेच निघत नाहीत. हब, डिस्क, स्पिंडल निघाले की अ‍ॅक्सल जॉइंटसकट बाहेर येतो.

माझ्या डाव्या नकलमधून ग्रीसऐवजी काळं, पातळ, ताकासारखं काहीतरी आलं. अ‍ॅक्सल हाउसिंगच्या आतलं ऑइल सील गेलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येतं, ग्रीस धुऊन काढतं आणि मग बाहेरच्या मोठ्या सीलमधून टायरवर गळतं. लोक बाहेरचं सील बदलतात आणि दोन महिन्यांत पुन्हा गळती. आतलं आधी बदला.

किंगपिन वर एक, खाली एक, प्रत्येकी चार बोल्ट. प्रत्येक किंगपिनखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात. चार किंगपिन, चार डबे, प्रत्येकावर "डावी वर", "डावी खाली" असं लिहून शिम त्यातच ठेवा. नकल ओढताना खालचं बेअरिंग पडतं, हात खाली धरा. बेअरिंग टेपर रोलर आहे, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं.

जुन्या बेअरिंगचा कप (बाहेरची रिंग) रॉकेलने धुऊन आतून नख फिरवलं. एका जागी नख अडकत होतं. उजेडात धरलं तर ओळीने बारीक आडव्या खाचा दिसल्या, रोलर जितके तितक्या. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी बसून ठोके खातात आणि कपमध्ये खाचा पडतात. मग चाकं सरळ असताना बेअरिंग ढिलं आणि वळवल्यावर घट्ट. असलं बेअरिंग कितीही आवळा, सरळ रस्त्यावर ढिलंच राहणार.

आणि नेमकं तेच आधी कुणीतरी केलं होतं. डावीकडे वर एकच ०.१ ची शिम निघाली, उजवीकडे वर एकही नाही. शिम काढली की किंगपिन खोल जातो आणि बेअरिंग आवळलं जातं. बेअरिंग बदलण्याऐवजी शिम काढून खेळ झाकला होता. हे तेव्हा लक्षात आलं असतं तर माझे २४ दिवस वाचले असते.

कारण नवी बेअरिंग बसवून, त्याच शिम टाकून बोल्ट आवळले तेव्हा नकल हलेना. इथे मोजमाप हवं, अंदाज चालत नाही. मोठं सील न लावता, टाय रॉड सोडून, नकलच्या आर्मला जिथे टाय रॉड एंड बसतो त्या भोकात स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा आणि आर्मला काटकोनात, आडवा ओढा. नकल हलायला लागते त्या क्षणीचा आकडा १.० ते १.८ किलोच्या मध्ये यायला हवा. कमी आला तर शिम काढा, जास्त आला तर घाला. माझा डावीकडे २.४ आला आणि उजवीकडे ४ किलोच्या वर. एवढं घट्ट ठेवलं तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि नवं बेअरिंगही लवकर जातं.

म्हणजे हव्या होत्या ०.१ मिमीच्या तीन शिम. सील किटमध्ये फेल्ट आहे, रबर आहे, पत्र्याची रिंग आहे, शिम नाही. पार्टच्या दुकानात विचारलं तर काउंटरवरून उत्तर आलं, "शिम कोण बदलतंय ओ, जुन्याच टाका की." ऑर्डर लिहून घेतली, "परवा येतील" म्हणाले. परवाचे आठ दिवस झाले. मग ०.५ च्या आल्या. ०.५ घातली तर काटा शून्याच्या जवळ आणि हाताला खेळ लागतो. परत केल्या, पुन्हा ऑर्डर, पुन्हा परवा. गाडी घोड्यांवर, चाकं भिंतीला, उघड्या नकलवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि अडलंय कशापायी तर कागदाच्या जाडीच्या तीन चकत्यांपायी. ज्या पार्टवर सगळं स्टिअरिंग अवलंबून आहे तो दुकानदाराच्या लेखी पार्टच नाही, याचा राग मला अजून आहे.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ०.१ मिमीचा पितळी शिम पत्रा मिळाला. लेथवर काम करणाऱ्यांना तो रोज लागतो, त्यामुळे तिथं "कशाला हवा" असं कुणी विचारलंही नाही. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. तुम्ही नकल उघडायच्या आधीच एक तुकडा घरात आणून ठेवा, वितभर पुरतो.

पत्रा नुसता कात्रीने कापला आणि भोकं पाडली तर कडा उचलल्या जातात, आणि उचललेली कड म्हणजे जास्तीची जाडी. मी असं केलं: दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये पत्रा घट्ट दाबला, जुनी शिम नमुना म्हणून वर ठेवून खुणा केल्या, पट्ट्यांसकट भोकं पाडली, मग बाहेरचा आकार कात्रीने. त्यानंतर काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू हलक्या हाताने घासल्या, नखाला कड लागेनाशी होईपर्यंत. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. जुन्या शिमही मोजा. माझी गंजलेली ०.१ ची शिम ०.१४ भरली, घासल्यावर ०.१ वर आली. किंगपिन बसतो ती जागा आणि बोल्टांची भोकंही साफ हवीत; तिथला रंग किंवा गंज हीसुद्धा शिमच.

डावीकडे वर एक घातली, काटा १.४. उजवीकडे वर दोन, १.६. दोन्हीकडे वरच घातल्या कारण काढलेल्या वरूनच होत्या. सगळ्या एकाच बाजूला ढकलल्या तर नकल अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोल बॉलच्या मध्यावरून सरकते आणि मोठं सील एका अंगाला जास्त दाबलं जातं. म्हणून वर-खाली शक्य तितकं सारखं ठेवा. मोजताना प्रत्येक वेळी चारही बोल्ट नेहमीच्या जोराने पूर्ण आवळा आणि नकल दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. नाही तर रोलर बसलेले नसतात आणि आकडा खोटा येतो.

सीलचं आधीच सांगायला हवं होतं: पत्र्याची रिंग, फेल्ट आणि रबर नकल चढवायच्या आधी बॉलवरून आत सरकवून ठेवायचे. विसरलात तर सगळं पुन्हा उघडा. जुना सेट काढताना क्रमाचा फोटो घ्या. बॉलवर गंजाचे खड्डे असतील तर ४०० च्या पेपरने घासा, खोल असतील तर मेटल पुट्टी भरून गुळगुळीत करा. खडबडीत बॉलवर नवं रबर एका पावसाळ्यात फाटतं.

कप बसवताना रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले तर पितळेच्या ड्रिफ्टने सहज जातात. आवाज ठणठणीतून भरीव झाला की कप तळाला टेकला.

या गाडीला आधीच्या मालकाने पुढे लांब शॅकल (पाटा चासीला जोडणारी झुलती कडी) लावून उंची वाढवली होती, तीही मी काढली. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की अ‍ॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर कमी होतो आणि स्टिअरिंगची सरळ राहण्याची ओढच कमी होते. पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, पण मग डिफरन्शियलच्या पिनियनचं तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. राधानगरीच्या कच्च्या रस्त्याला मूळ उंची आणि चांगले टायर पुरेसे आहेत. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नसलेला असला बदल चालत नाही, तपासणीला हरकत निघू शकते. शॅकलचे बुश मात्र नवेच टाका. बुश सैल असतील तर नव्या किंगपिननंतरही पुढचा भाग आडवा डुलतो.

सगळं जोडल्यावर डॅम्पर न लावता त्याच पुलावर गेलो. चाळीस, पन्नास, पंचावन्न, साठ. सांध्यावर एक ठोका बसला आणि स्टिअरिंग सरळच राहिलं. परतीच्या फेरीत एक हात सोडून पाहिलं, तरी सरळच.

५०० किलोमीटरवर यू-बोल्टचे नट आणि किंगपिनचे बोल्ट पुन्हा आवळले, चाक उचलून ब्रेक दाबून खेळ पाहिला, नव्हता. बॉलवर तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नका, सील थोडं पुसतंच. थेंब जमून टायरच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला, तरच आतलं सील पुन्हा बघा. कुठल्या बाजूला वर-खाली किती शिम आहेत आणि काटा किती आला, हे मी बॉनेटच्या आत रंगाने लिहून ठेवलं आहे.