परतवाडा–चिखलदरा–सेमाडोह: जानेवारीत दुचाकीवर

धामणगाव गढीमार्गे चिखलदरा, मग घटांगकडून सेमाडोह. रस्ता देखणा, पण विदर्भ म्हणजे ऊन हे डोक्यात धरून नुसत्या सुती शर्टावर निघणारे इथेच फसतात. अंगात थंडी भरायला बर्फ लागत नाही. पारा १० अंशांवर आणि गाडी ताशी ४० किलोमीटरवर असली, तर उघड्या कातडीला ६ अंशांची थंडी लागते. कपडे ओले असले की आणखी वाईट.

परतवाडा ऊन वर आल्यावरच सोडा. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंच. वर गाविलगड पाहताना घाम येतो, आणि त्याच ओल्या बनियनवर लोक घाट उतरायला निघतात. बनियन आधी बदला. त्यावर लोकरीचं स्वेटर, वर वारा न शिरणारं जर्किन. जर्किन नसेल तर छातीशी वर्तमानपत्राची घडी. हातमोजे हवेतच, बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबला जात नाही.

मागे बसलेल्याकडे लक्ष ठेवा. त्याची हालचाल काहीच नसते, म्हणून तो आधी गारठतो. दर अर्ध्या तासाला थांबून त्याला जर्किनची चेन लावायला सांगा. बोटं चुकतात, जीभ जड होते, पाय अडखळतात: शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली (९५ फॅरनहाइट) जात असल्याची ही खूण. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका. गारठलेल्या माणसाची हुडहुडी थांबली आणि तो बरळू लागला, तर तो सुधारलेला नाही, बिघडलाय.

अशा वेळी वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढा, खाली जाड सतरंजी टाकून कोरड्या चादरीत गुंडाळा, डोकंही झाका. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवा. पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळत असेल तरच गोड चहा. हातपाय चोळू नका, चालवू नका, अगदी शेकोटीशी बसवू नका. बधिर कातडी भाजलेली कळत नाही, आणि फार गारठलेल्याला हिसके बसले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. १०८ला फोन करा. मेळघाटात रेंज मधूनमधून जाते, तेव्हा एकाला रेंजच्या जागी धाडा.

सेमाडोह सिपना नदीच्या खोऱ्यात. रात्रीची गार हवा खाली साचते, त्यामुळे मुक्कामाला जाड ब्लँकेट सोबत असू द्या. मोहाची दारू ‘गरम’ वाटते ती कातडीकडे रक्त धावतं म्हणून. आतली ऊब उलट बाहेर जाते. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखलं, मळमळलं, तर सगळ्यांना आधी बाहेर काढा. शेगडीचं नंतर पाहता येईल.