ला पुरीसिमा मिशन: केव्हा जावे आणि कोणती वाट टाळावी

कॅलिफोर्नियात लोंपोकजवळ असलेले ला पुरीसिमा मिशन (स्पॅनिश ख्रिस्ती धर्मप्रसारकांची जुनी वसाहत, आता सरकारी उद्यान) ‘तिथल्या दैनंदिन जीवनासह’ दाखवू, असे कोणी सहलवाला म्हणाला, तर त्या दिवशी जुन्या वेशातले स्वयंसेवक हजर असतील का, एवढे आधी विचारून घ्यावे. ते रोज असतात, असे ठामपणे सांगून आमच्याकडून माणशी भरमसाट पैसे उकळण्यात आले आणि दाखवल्या गेल्या त्या रिकाम्या खोल्या. प्रात्यक्षिके ठरावीक दिवशीच होतात आणि प्रवेशशुल्क माणसामागे नव्हे, तर गाडीमागे असते. त्यामुळे उद्यानाच्या कार्यालयातून तारखा घेऊन स्वतःच्या गाडीने जाणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

नंतर योग्य दिवस साधून गेलो, तेव्हा मात्र जागेचे रूपच पालटले होते. स्वयंसेवक मेणबत्त्या करून दाखवत होते: वात वितळलेल्या चरबीत बुडवायची, वर काढून थिजू द्यायची आणि पुन्हा बुडवायची. बोटाएवढी मेणबत्ती होईपर्यंत किती वेळ जातो, हे शेजारी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. चर्चमध्ये बाके नाहीत. इथले मूळ रहिवासी असलेले चुमाश लोक या फरशीवरच गुडघे टेकत, उभे राहत.

१७८७ साली स्थापन झालेले मूळ मिशन १८१२च्या भूकंपात कोसळले आणि ते इथे हलवण्यात आले. हेही पुढे ढासळले. आज दिसतात त्या बहुतेक भिंती १९३४पासून सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी इथल्याच मातीच्या कच्च्या विटा पाडून उभ्या केल्या आहेत. काम उत्तम आहे, परंतु गुलाबी भिंतींवरच नजर खिळवून परतू नये. इथली शेती, गुरे, विणकाम हे सारे चुमाशांच्या श्रमावर चाले आणि १८२४मध्ये त्यांनीच बंड करून हे मिशन जवळजवळ महिनाभर ताब्यात ठेवले होते. हा इतिहास समजून न घेता केलेली फेरी अपुरी आहे.

टेकडीवरच्या वाटेबद्दल मात्र कोणीच बजावत नाही. नकाशावर ती किरकोळ दिसते. प्रत्यक्षात गुहागरच्या पुळणीतून चढ चढावा तसे पाऊल दर वेळी मागे घसरते, बुटांत वाळू भरते, सावलीचा पत्ता नसतो. पोटऱ्या अजून दुखत आहेत. भर उन्हात तिकडे अजिबात जाऊ नये. दरीतली सपाट वाट पुरेशी आहे. फक्त कडेच्या झुडपांना हात लावू नये, कारण त्यांत अंगाला भयंकर खाज आणणारे पॉइझन ओक असते.